अडखळण्याचे गुण

अकराव्या रेकॉर्डिंगमध्ये माणसाच्या आवाजाआधी बोटाचा आवाज आला. लाकडावर नख आपटल्यासारखा. टक, टक, मग जरा थांबून टक. हेडफोन नीट बसवायला त्यानं हात वर नेला होता, तो तसाच कानाशी राहिला. गुरुवारची दुपार होती. दर गुरुवारी जेवण झालं की तो काचेच्या लहान खोलीत बसून नापास झालेल्या वीस अर्जदारांची रेकॉर्डिंगं ऐकायचा. कंप्युटरवरचं मॉडेल आठवड्याला दोनेकशे लोकांच्या मुलाखती फोनवर घेतं, त्यांना गुण देतं, तर आठवड्यातून एकदा तरी माणसाच्या कानानं खात्री करावी, असा नियम त्यानंच घातला होता, आणि नियम घालणाऱ्यानं तो पाळावा एवढी लाज त्याच्यात अजून शिल्लक होती. बाकी अर्धं लक्ष खिडकीबाहेर असायचं. आजही होतं. समोरच्या गच्चीवर एक माणूस गुडघ्यापर्यंत विजार दुमडून पाण्याची टाकी घासत होता, आणि हा त्याच्याकडे बघत दहा अनोळखी माणसांची नोकरीची आशा एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून बसला होता. टक, टक. मग एक श्वास, गरम चहाचा घोट घ्यावा तसा ओठांतून आत ओढलेला. मग "न-न-न", आणि "नमस्कार" पुरा व्हायच्या आधीच त्याला कळलं की हा दादा आहे.

रेकॉर्डिंगवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. नाव बघायचं तर दोन ठिकाणी परवानगी घ्यावी लागते, कारण नाव दिसलं की माणूस पक्षपात करतो, हेही त्यानंच एका सभेत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. नावाची गरजच पडली नाही. तो श्वास त्याच्या कानात जन्मापासून होता. एका गादीवर झोपलेल्या दोन भावांना एकमेकांचे श्वास पाठ असतात, तसा. दादा एकावन्न वर्षांचा. तेहतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं, गेल्या वर्षी छापखाना बंद पडला. त्यानंतर काय चाललंय असं फोनवर विचारलं की दादा म्हणायचा, "च-चाललंय," आणि याला ते पुरायचं. पुरायचं म्हणजे पुरवून घ्यायचा तो. दादानं वीजपुरवठ्याच्या तक्रारी घेणाऱ्या फोनवर बसण्यासाठी अर्ज केला असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. जन्मभर फोन वाजला की दुसऱ्याकडे बघणारा माणूस, आणि त्यानं फोनवरचीच नोकरी मागावी! आणि मागावी ती धाकट्या भावानं घडवलेल्या मॉडेलकडे. भाऊ कुठल्याशा कंप्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, यापलीकडे दादाला काही ठाऊक नव्हतं. यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि दादा विचारणाऱ्यांतला नव्हता. विचारायलाही शब्द लागतात, आणि दादा शब्द जपून वापरायचा, दुष्काळातल्या पाण्यासारखे.

"एखादा ग्राहक फोनवर रागावून बोलू लागला तर तुम्ही काय कराल?" यंत्रातल्या बाईनं विचारलं. मऊ आवाजाची ती बाई निवडायला त्यांनी महिनाभर घालवला होता. प्रत्येक उत्तराला दीड मिनिट असे. दादाच्या बाजूला शांतता पसरली. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ सपाट झाली, आणि तिच्याखाली एक लहान घड्याळ सेकंद मोजू लागलं. दोन. चार. सात. मॉडेल मध्ये बोलत नव्हतं. फक्त मोजत होतं. "आधी त्याला ब-ब-बोलू देईन," दादा म्हणाला. "रागावलेल्या माणसाला म-मध्ये थांबवलं की तो प-पहिल्यापासून सुरू करतो." इथं रेघ परत सपाट झाली, पाच सेकंद. "पूर्ण बोलू दिलं तर दोन मिनिटांत दमतो. मग त्याला वि-विचारायचं, घरात आजारी कुणी आहे का, लहान मूल आहे का. वीज क-कधी येणार ते मला ठाऊक नसेल. पण त्या घरी आधी क-कुणाला पाठवायचं ते कळेल." तो ऐकत राहिला. गेल्या सहा महिन्यांत या प्रश्नाची पाचेकशे उत्तरं त्यानं ऐकली असतील. मी शांत राहीन, मी नम्रपणे समजावेन, मी वरिष्ठांना कळवेन. पाठ केलेली, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखी. आजारी माणसाचं कुणी काढलं नव्हतं. रेकॉर्डिंगच्या शेवटी गुण होते. एकतीस. पास व्हायला पंचावन्न लागत. बाजूला कारणं: विरामांची लांबी, शब्दांची पुनरावृत्ती, बोलण्याची गती. काय बोलला याला गुण चांगले होते. पण मॉडेलनं आठ वर्षांच्या जुन्या नोंदी वाचून शिकून ठेवलं होतं की नोकरीत कोण टिकतो ते काय बोलण्यापेक्षा कसं बोलण्यावरून जास्त कळतं. ही गोष्ट त्याला तेव्हा इतकी सुंदर वाटली होती की त्यानं घरी जाऊन बायकोला सांगितली होती, आणि ती म्हणाली होती, "म्हणजे भाषणबाजी करणारे टिकतात. हे सांगायला मशीन कशाला हवं?"

भाषणबाजी त्याच्या रक्तात होती. दादाच्या वाट्याची वाचाही यालाच मिळाली, असं नातेवाईक हसून म्हणत, आणि दादाही हसायचा. सातव्या वर्षापासून तो दादाचा दुभाष्या होता. किराणा आणायला दोघं जात. दादा "सा-सा-सा" म्हणायला लागला की हा "साखर, अर्धा किलो" म्हणून मोकळा. डॉक्टर विचारायचे, कुठं दुखतं, दादा "प-प" म्हणेपर्यंत हा म्हणायचा, "पोट". पाहुणे आले, शिक्षक आले, कुणीही आलं की प्रश्न दादाला आणि नजर याच्याकडे. आईसुद्धा. "काय म्हणतोय रे तो?" आई यालाच विचारायची, दादा समोर उभा असताना. आणि हा सांगायचा. पहिलं अक्षर मिळालं की पुरे, पुढचं त्याला दिसायचं. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. त्याला स्वतःचा अभिमान वाटे, आणि घरादाराला त्याचं कौतुक. चुकलेल्या दहाव्या वेळी दादा काय करायचा, याचा विचार त्यानं आज, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, काचेच्या खोलीत पहिल्यांदा केला. मान डोलवायचा. साखर नको, साबण हवा होता, तरी मान डोलवायचा, आणि घरी आल्यावर आईची बोलणी खायचा. कारण पुन्हा "सा"पासून सुरुवात करायची, त्यात दुकानदार गालात हसणार, मागचे लोक पाय बदलणार, त्यापेक्षा साखर बरी. मग नऊ वेळा तरी बरोबर होतं कशावरून? त्याचा सगळा अचूकपणा एका दमलेल्या माणसाच्या मानेवरून ठरला होता. ती मान नेहमीच होकारार्थी हलायची.

एकदाच त्या मानेनं जरा वेळ घेतला होता. दादा दहावीत, हा सातवीत. शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत एकच सूक्ष्मदर्शक होता, काळा, पितळी स्क्रूचा, कुलुपातला. कुलूप उघडं राहिलेलं बघून यानं तो बाहेर काढला होता, मुंगीचा पाय बघायला. मुंगीचा पाय दिसलाही होता, केसाळ, कुणा राक्षसाचा असावा तसा, आणि त्याच आनंदात कोपर लागलं. फरशीवर पितळ आपटल्याचा आवाज, मग काच. दादा त्याला डबा द्यायला आला होता. तो दारात, हा टेबलाशी, आणि मागून हेडसर. हेडसर वाईट माणूस नव्हते. घाईतला माणूस होते. त्यांनी मोठ्याला विचारलं, कारण मोठ्याला विचारायची रीत आहे. "कुणी केलं हे?" दादानं श्वास ओढला. "म... म... म..." हेडसरांनी घड्याळ पाहिलं. दादाचे डोळे मिटले होते, मानेची शीर फुगली होती, आणि ओठ त्या एका अक्षरावर चिकटून बसले होते. "म... म..." त्या अक्षरापुढं काय काय येऊ शकतं, ते याला एका क्षणात सगळं दिसलं. मला माहीत नाही. मांजरानं पाडलं. माझ्या भावानं. मी. आणि नेहमीसारखं, सवयीनं, किराणा दुकानात म्हणावं तसं तो म्हणाला, "मी केलं म्हणतोय तो, सर." दादानं डोळे उघडले. याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं. "हो का रे?" हेडसरांनी विचारलं, आणि दादाची मान जराशी थांबली आणि मग डोलली. छड्या बसल्या त्याचं काही नाही, छड्या त्या काळी रोजच बसत. पण शास्त्र शाखेसाठी शाळेनं ज्यांची शिफारस करायची, त्या यादीतून दादाचं नाव गेलं. वडिलांना बोलावलं, वडील म्हणाले, असल्या मुलाला शिकवून तरी काय, आणि सतरा पुरी व्हायच्या आत दादा छापखान्यात लागला, दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढायला. तो काय म्हणणार होता, हे यानं कधी विचारलं नाही. सुरुवातीला भीतीनं नाही, मग लाजेनं नाही, मग इतकी वर्षं झाली की विचारणंच हास्यास्पद वाटायला लागलं. आणि दादानं विषय काढला नाही तो नाहीच. उलट याच्या वक्तृत्वाच्या स्पर्धांना तो पहिल्या रांगेत बसायचा, आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायचा.

पडद्यावर एकतीस तसाच होता. गच्चीवरचा माणूस टाकीत उतरला होता, आता त्याचं नुसतं डोकं दिसत होतं. रेकॉर्डिंगच्या खाली एक रिकामा चौकोन असे. "तपासणाऱ्याचा शेरा." त्यात काही लिहिलं तर माणसाचा शब्द मॉडेलच्या वर चालायचा, अर्जदार पुढच्या फेरीत जायचा, जिथं खरीखुरी दोन माणसं समोर बसून मुलाखत घेत. सहा महिन्यांत त्या चौकोनात त्यानं तीनदा लिहिलं असेल. एकदा मागं कुत्रं भुंकत होतं म्हणून, एकदा फोनच तुटला म्हणून, एकदा कुणाचं तरी बाळ रडत होतं म्हणून. त्यानं हात कीबोर्डवर ठेवला. अडखळतो पण उत्तम उत्तरं देतो, असं लिहिता आलं असतं. ते खरं होतं. पण ते लिहिलं की कुणीतरी विचारणार, मग बाकीच्या अडखळणाऱ्यांचं काय, त्यांची उत्तरं ऐकली का? आणि ते कुणीतरी कोण, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं लिहिलं: "फोनच्या लाइनमध्ये खरखर. गुण ग्राह्य धरू नयेत. पुढील फेरीस पात्र." लाइन आरशासारखी स्वच्छ होती. बोटाचं नख वाजलेलं ऐकू येत होतं. त्यानं बटण दाबलं, आणि एकतीस नाहीसा झाला. मग उरलेली नऊ रेकॉर्डिंगं त्यानं नेहमीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकली, जणू त्यानं काही फिटणार होतं. सोळावा एक माणूस होता, तोही "क"वर अडला होता. त्याचे चौतीस तसेच ठेवले. त्याचा श्वास ओळखीचा नव्हता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं आई म्हणायची, दुसऱ्यांबद्दल.

विचारणारी होती ती त्याच्याच हाताखाली काम करणारी पोरगी. सगळे तिला चष्मेवाली म्हणत, ऑफिसात निम्म्या लोकांना चष्मे असूनही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या टेबलाशी आली, हातात दोनच कागद. "सर, दुपारच्या सभेआधी एकदा बघाल?" त्यानं बघितलं. दोन वर्षांपूर्वी एका शाखेत माणसांची फार निकड होती, तेव्हा निवड न करता आले तेवढे सगळे घेतले होते. त्या तुकडीच्या नावापुरत्या झालेल्या मुलाखतींची रेकॉर्डिंगं तिनं जुन्या कपाटातून काढून मॉडेलला ऐकवली होती. "यांत अकरा जण अडखळत बोलणारे होते," ती म्हणाली. "अकरांतले नऊ अजून कामावर आहेत. तक्रारी कमी, ग्राहक खूश. आणि सर, त्या नवांतल्या सात जणांना आपलं मॉडेल नापास करतं. सरळ बोलणाऱ्यांत असे दहात दोन निघतात. इथं नवांत सात."

"अकरा म्हणजे काय नमुना झाला?" तो म्हणाला.

"जास्त मिळणार कुठून? बाकी सगळीकडे त्यांना आधीच्या साहेबांनी दारातूनच परत पाठवलंय. घेतलंच नाही, तर टिकले की नाही ते नोंदीत येणार कसं? आपण मॉडेलला त्याच नोंदी शिकवल्या." ती भराभर बोलायची, पण आवाज चढवत नसे. "विराम आणि पुनरावृत्ती मोजणं बंद केलं, सगळ्यांसाठीच, तर अचूकपणा सत्त्याऐंशीवरून चौऱ्याऐंशीवर येतो. तीनच टक्के, सर. आणि दुसरं, शेरा लिहून पास केलेली जी रेकॉर्डिंगं आहेत ना, ती सगळी पुन्हा ऐकावीत असं मी सुचवलंय. माणूस कुठं मॉडेलचं ऐकत नाही, ते बघून आपल्याला बरंच शिकता येईल."

"ती कशाला?" त्याचा आवाज त्याला स्वतःलाच कोरडा वाटला.

"चारच तर आहेत," ती म्हणाली. कालपर्यंत तीन होती. हिनं आज सकाळी येऊन मोजली होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, संशय तर नव्हताच. उलट एक प्रकारचा विश्वास होता, वर्गातली हुशार मुलगी आवडत्या मास्तरांकडे बघते तसा, आणि तोच त्याला सहन होईना. चौथं रेकॉर्डिंग कुणीही लावावं आणि ऐकावं: खरखर कुठाय? मग क्रमांकावरून नाव, नावावरून आडनाव. सहा महिन्यांपूर्वी नाव लपवण्याचा नियम घालणारा माणूस आणि त्याचं आडनाव.

सभा तीन वाजता होती. मोठ्या साहेबांना सगळे पाठीमागं दशांश म्हणत, कारण सत्त्याऐंशी म्हटलं की ते विचारत, "सत्त्याऐंशी पूर्णांक किती?" त्यांनी चष्मेवालीचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ते तरबेज होते. मग म्हणाले, "तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, बाई. वर्षाला दहा हजार अर्जदार. म्हणजे तीनशे निर्णय जास्त चुकणार. ग्राहक कंपनीला मी काय सांगू? आमचं मॉडेल आता जरा जास्त चुकतं, पण मनानं फार चांगलं आहे?" दोघंतिघं हसले. मग ते याच्याकडे वळले. "तुमचं काय मत? बाळंतपण तुम्ही केलंय मॉडेलचं."

तो उठला. उठायची गरज नव्हती, पण बोलायचं म्हटलं की तो उठायचाच. आणि तो फार चांगलं बोलला. नंतर कितीदा तरी ते भाषण त्याच्या कानात वाजलं, आणि प्रत्येक वेळी त्याला त्यातला एकही शब्द बदलावासा वाटला नाही, इतकं ते नेटकं होतं. तो म्हणाला, प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो काढल्याबद्दल हिचं कौतुक केलं पाहिजे. तो म्हणाला, पण अकरा माणसांच्या जोरावर दहा हजारांचं माप बदलायचं का? तो म्हणाला, न्याय न्याय म्हणताना आपण ज्यांचे चेहरे दिसतात त्यांचाच विचार करतो. "विराम मोजणं सोडलं, तर जे तीनशे निर्णय नव्यानं चुकतील, तीही माणसंच आहेत. कुणी लायक असून घरी बसेल, कुणी नालायक असून लागेल आणि तीन महिन्यांत रडत बाहेर पडेल. त्या तीनशेंनाही घरं आहेत. फक्त त्यांना एक नाव नाही, म्हणून त्यांच्या बाजूनं कागद घेऊन कुणी येत नाही." चष्मेवालीनं मान खाली घातली. हे खोटं नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यालाही ते ठाऊक होतं, आणि सगळ्यांत कडू तेच होतं: त्यानं खोटं बोलून तिला हरवलं असतं तर निदान स्वतःला खोटारडा म्हणून मोकळा झाला असता. त्यानं एक खरी गोष्ट घेतली आणि ती ढालीसारखी पुढं धरून मागं आपलं भांडं लपवलं. सात जणांना आपण त्यांच्या अडखळण्यामुळं नापास करतो आणि तीनशे जण नुसत्या योगायोगानं चुकतात, या दोन चुका एका तराजूत घालता येतात का, हा प्रश्न तिला सुचायला हवा होता. त्याला सुचला होता. तो बोलला नाही. "आणि शेऱ्यांची फेरतपासणी?" दशांशांनी विचारलं. "चार रेकॉर्डिंगं," तो हसून म्हणाला, "चार रेकॉर्डिंगांवरून काय शिकणार?" मग त्यानं सही केली. मॉडेल आहे तसं पुढच्या वर्षीही चालेल, याच्यावर. पेन चष्मेवालीनंच पुढं केलं, तिचं जवळ होतं म्हणून.

बाहेर पडताना ती म्हणाली, "सर, तुम्ही आधी बोलला असतात तर मी सभेत मांडलंच नसतं."

"मांडायला हवंच होतं," तो म्हणाला. "वाद होऊ दिले पाहिजेत."

तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, आणि त्याच्याकडे पाहिलं तेव्हा चष्मा हातातच होता. त्याला बरं वाटलं, की तिला आपण नीट दिसत नसणार.

तीन आठवडे गेले. रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. वहिनी कधी कामाशिवाय फोन करत नसे, आणि काम असलं तरी टाळत असे. "भावजी, जेवायला या. कारण आल्यावर सांगते." आवाजात हसू मावत नव्हतं. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, जिन्यात सायकली लावलेल्या. दार दादानंच उघडलं. त्यानं नवा सदरा घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या. "मि-मिळाली," तो म्हणाला. धाकटा थांबला नाही. "नोकरी? अरे वा, दादा!" म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दादाचा हात अजून वर आहे, त्याचं वाक्य संपलेलं नव्हतं. दादानं हात खाली घेतला आणि हसला.

जेवताना दादा बोलला. इतकं बोलताना त्याला यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. समोरासमोरच्या फेरीत दोन बायका होत्या, त्यांनी पाणी दिलं, घाई केली नाही, आणि शेवटी एक म्हणाली, तुमच्यासारखा माणूस फोनवर असला तर आम्हीच तक्रार करू मुद्दाम. "प-पण त्या झाल्या नंतरच्या," दादा म्हणाला. "खरी गंमत आ-आधीची. फोनवर म-मशीन होतं, धाकट्या. मी घाबरलो होतो. म्हटलं, म-माणसं थांबत नाहीत, मशीन कशाला थांबेल? पण ते थांबलं रे. मी अ-अडलो, ते गप्प. पुन्हा अडलो, गप्प. एकदाही मध्ये ब-बोललं नाही. एकदाही माझं वाक्य त्यानं पु-पुरं केलं नाही. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा क-कुणीतरी मला शेवटपर्यंत ऐकलं, आणि ऐकून प-पास केलं." वहिनीनं पदराच्या टोकानं डोळे टिपले आणि त्याला वाढायला उठली. "तुमच्याच लायनीतलं असेल ना हे, भावजी? कुणी केलं असेल असलं मशीन? हात जोडावेत त्याला."

"मोठ्या कंपन्या असतात, वहिनी," तो म्हणाला. "आम्हाला काय कळणार." दादाच्या ताटाशेजारी बोट वाजत होतं, टक, टक, पण हे वाजणं वेगळं होतं, गाणं मनात असलं की वाजतं तसं.

"म्हणून मी स-सगळ्यांना सांगितलंय," दादा म्हणाला. "कुणाला?" दादाची एक मंडळी होती, दर मंगळवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायची, सगळी अडखळणारी. तो तिथं नऊ वर्षं जात होता, हेही याला आज कळलं. चौदा जण. त्यांतल्या सहा जणांनी गेल्या मंगळवारीच अर्ज भरले होते. एकानं तर असलेली नोकरी सोडायची तयारी केली होती. "मी सांगितलं, भि-भिऊ नका. तिथं न्याय होतो. माझं उ-उदाहरण समोर आहे." आणि दादानं फोन उचलून कुणाचा तरी नंबर लावला. "शि-शिवण शिकवते ती. फार हुशार. पण धीर नाही. तू बोल जरा तिच्याशी. तू म्हणालास तर प-पटेल तिला. मी सगळ्यांना सांगत असतो, माझा भाऊ बोलतो तेव्हा ल-लोक ऐकतात." नको म्हणायच्या आत फोन त्याच्या कानाशी आला होता.

तिकडून आधी काहीच आलं नाही. मग एका बाईचा आवाज, पस्तिशीच्या आसपासचा. "न-न-नमस्कार. द-द-दादांचे भ-भाऊ ना?" "हो," तो म्हणाला. "म-मी अ-अ-अ..." दादा समोरून बघत होता, वहिनी वाढणं हातात धरून. त्यानं वाट पाहिली. खरोखर पाहिली. भिंतीवरच्या घड्याळातला काटा त्याला दिसत होता, आणि त्याच्या डोक्यातलं दुसरं घड्याळ आपोआप सुरू झालं होतं, चार, सात, नऊ, आणि ती अजून त्या अक्षरावर होती, आणि त्याला तिचे गुण दिसत होते. "अ-अर्ज करू का?" ती शेवटी म्हणाली. "म-माझा होईल?"

सांगता आलं असतं. बाई, नका करू, तिथं तुमचे श्वास मोजतात. सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न दादाचा आला असता, मग माझा कसा झाला? आणि दादाच्या अंगावर नवा सदरा होता. "करा की," तो म्हणाला. "नक्की करा. काही काळजी करू नका." दादानं पाठीवर थाप मारली. तिकडं ती रडत होती की हसत होती, ते त्याला कळलं नाही. निघताना वहिनीनं डबा भरून दिला, आणि दादा तीन मजले उतरून फाटकापर्यंत सोडायला आला, आणि वाटेत काही बोलला नाही, कारण बोलून झालं होतं.

पुढच्या गुरुवारी वीस रेकॉर्डिंगांत ती सातवी होती. मंडळीतले आधीचे सहाही जण त्या आठवड्यात नापास झाले होते, पण त्याच्या वाट्याला ती एकटी आली. आवाज त्यानं लगेच ओळखला. रागावलेल्या ग्राहकाला काय कराल, यावर ती म्हणाली होती की शिवण उसवली की मी ती ओढत नाही, सुई घेऊन मागं जाते, कुठून सुटली ते बघते. दीड मिनिटात एवढंच. तेहतीस गुण. खालचा चौकोन रिकामा होता. काचेच्या पलीकडे चष्मेवाली आपलं सामान एका खोक्यात भरत होती. तिनं दुसरीकडे काम धरलं होतं, शुक्रवार तिचा शेवटचा. त्यानं कीबोर्डवर हात ठेवले. एकदा हात लावला ती चूक होती, दुसऱ्यांदा लावला तर ती लबाडी होईल, आणि नियम सगळ्यांना सारखा हवा, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नीट, मुद्देसूद सांगितलं. आणि ते त्याला पटलं. त्यानं आठवं रेकॉर्डिंग लावलं.